महाप्रसादाचा भाऊ

मी आयुष्यभर मुलांना समाजशास्त्र शिकवलं आणि त्यातल्या एका प्रकरणाशी कायम वैर धरलं. प्रकरण नात्यांचं. पुस्तकात नात्यांचे सरळ कप्पे केलेले असत. जन्मानं आलेली नाती, लग्नानं जोडलेली नाती आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली म्हणून टाकल्यासारखी, मानलेली नाती. या शेवटच्या कप्प्याला दोन-चार ओळी. ही नाती माणूस आपल्या खुशीनं जोडतो, त्यांची बंधनं सैल असतात, असा एकूण सूर. लिहिणारा शहाणा असेल, पण वैनगंगेच्या काठच्या घरात तो कधी जेवला नसावा. ते पान आलं की माझं डोकं फिरायचं. फळ्याकडे तोंड करून मी त्या ओळी भराभर सांगून टाकायचे. मुलांना वाटायचं, बाईंना आज बरं नाही.

आता निवृत्त झाले आहे. कोणाची परीक्षा नाही, अभ्यासक्रम संपवायची घाई नाही. ते पान आता सावकाश उघडता येतं. त्या पानावर माझी मोठी बहीण आहे.

आमचं गाव आरमोरीच्या पुढं, धानाचं. मालगुजारी नुकती गेली होती, तेव्हाच्या या गोष्टी. घरात बाबा, माय, बाई आणि मी. बाई म्हणजे माझी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. ती माझ्याहून थोडीच मोठी होती, पण माझी वेणी घालण्यापासून माझ्या वतीनं मायशी भांडण्यापर्यंत सगळी कामं तिची. आम्हाला भाऊ नव्हता. गावातल्या बायका हे आम्हाला विसरू देत नसत.

नदीपलीकडे, नागभीडच्या बाजूला, बाबांचे महाप्रसाद राहत. हे नाव नव्हे, नातं. आमच्या झाडीपट्टीत दोन माणसांचा जीव जडला की ते नुसते मित्र राहत नाहीत. जगन्नाथपुरीहून कोणी यात्रेकरू प्रसादाचा वाळलेला भात घेऊन आला, की चार माणसांसमोर, देवापुढं, दोघं एकमेकांना तो भरवतात. नारळ बदलतात, धोतरं बदलतात. त्या दिवसापासून ते एकमेकांचे महाप्रसाद. मग जन्मात एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. रस्त्यात भेटले तरी 'रामराम महाप्रसाद' असंच म्हणायचं. एकाच्या घरी मयत झालं तर दुसऱ्यानं सुतक पाळायचं. एकाची बायको दुसऱ्याची वहिनी, आणि दोघांची मुलं एकमेकांची बहीणभावंडं. सख्खी म्हणायची तशी.

बाबा आणि ते तरुणपणी असे बांधले गेले. जात एकच, कुळं वेगळी. ते बाबांहून मोठे, म्हणून आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणायचो. दोघांचं प्रेम पाहून माय चिडवायची, "माझ्याशी लग्न चुकून झालं तुमचं. सात फेरे तर त्याइच्यासंगच घ्याचे होते." खरंच, मोठेबाबा नदी ओलांडून डोंग्यातून उतरले की बाबांची चाल बदलायची. कमी बोलणारा माणूस, पण त्यांच्यापाशी बसला की हसायचा. दोघंही लाखोळीच्या डाळीबरोबर एका ताटात भात खायचे, म्हातारे झाल्यावरसुद्धा.

मोठेबाबांना एक मुलगा होता. आमच्या घरी मुलगा नाही, म्हणून रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत तो आपली बैलजोडी घेऊन यायचा आणि आमच्या धानाच्या बांध्यांची चिखलणी करून द्यायचा. धानाचे पऱ्हे रोवून होईस्तोवर आमच्याच घरी असायचा. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. राखी बांधायचो, तो बोरं आणून द्यायचा. चिखलात पाय रुतवून रोवणा करताना बायका गाणी म्हणायच्या आणि तो बैलांमागून मुद्दाम चुकीची ओळ म्हणायचा. बाई चिखलाचा गोळा फेकायची. सगळं अगदी बहीणभावासारखं.

मग एका रोवण्याला माझ्या लक्षात आलं, बाई त्याला भाऊ म्हणत नाही. काहीच म्हणत नव्हती. भाकर द्यायची असली की ताट त्याच्यापुढं ठेवून उभी राहायची. हाक मारायची असली की मला पाठवायची, "जा वो, जेवाले ये म्हणा." माझ्या लक्षात आलं तेव्हा मायच्या लक्षात येऊन गेलेलंच होतं. मायनं एकदा चुलीपाशी बसून बाईला विचारलं, "काऊन, तोंड शिवलं काय तुझं? भाऊ म्हणाले जड होते?" बाई उठून बाहेर गेली.

त्या दिवशी आम्ही दोघी बोडीवर धुणं धुवायला गेलो. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाचं लहान तळं. तिथं दगडावर लुगडं आपटत ती म्हणाली, "मले त्याले भाऊ म्हणवत नाई वो. जीभच उचलत नाई." मी विचारलं, "अन् तो?" ती म्हणाली, "तो बी मले मागच्या राखीले म्हणे, यंदा दुसऱ्या हातावर बांधशील तर बरं होईल, या हाताले जळते." असं म्हणून ती हसली आणि लगेच रडायला लागली. तिला त्याच्याशी लग्न करायचं होतं. याच्यापेक्षा जास्त तिला आयुष्यात काही नको होतं, हे तिनं मला सरळ सांगितलं. माझा तिच्या प्रेमावर राग नव्हता. राग एवढाच आला की हे सगळं कोणाला सांगायचं ते तिनं माझ्यावर सोपवलं होतं.

मला सांगावं लागलं नाही. तो धीट होता, त्यानंच आपल्या बापाला सांगितलं.

आता गंमत बघा. बाबा त्या वर्षी बाईसाठी स्थळं शोधत होते. जात जुळायला हवी, कुळ वेगळं हवं, धानाच्या चार बांध्या असाव्यात, मुलगा कष्टाळू असावा, सासू-सासरे ओळखीचे असावेत. यातली एकूण एक गोष्ट त्याच्यात होती. बाबा आणि मोठेबाबा एकमेकांना परके असते, तर कोणीतरी मध्यस्थ तेच स्थळ घेऊन आला असता आणि बाबांनी गूळ वाटला असता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं. फक्त इथं कळसा काखेतून काढायची सोय नव्हती. दोन माणसांनी एकमेकांवर इतकं प्रेम केलं, म्हणून त्यांच्या मुलांना एकमेकांवर करता येत नव्हतं.

मोठेबाबा नदी ओलांडून आले. पडवीत दोघं बसले. मायनं पाणी दिलं, ते तसंच राहिलं. मग मोठेबाबा म्हणाले, "महाप्रसाद, आपलं मोडून टाकू. पोट्टे सुखी होतीन."

बाबांनी मान खाली घातली. त्यांना काय वाटत होतं ते मला दिसत होतं. ते एवढंच म्हणाले, "मोडतेत कसं, तेच तर मले मालूम नाई."

दुसऱ्या दिवशी दोघं जातीतल्या सर्वांत वडील माणसाकडे गेले. तो म्हातारा आमच्याच गावात राहायचा. मीही मागोमाग गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी हाकललंही नाही. मला वाटलं होतं, म्हातारा खवळेल. तो खवळला नाही. चिलीम बाजूला ठेवली आणि खूप वेळ विचार करून म्हणाला, "खाल्लेला परसाद पोटातून काढून देता येते काय? चला, धरून चालू का देता येते. मोडलं. मोडलेल्याइनं एकमेकाच्या दारात पाय ठेवाचा नाई, एकमेकाच्या घरचं पाणी प्याचं नाई, हे तं तुमाले मालूम आहे. मंग लगन लागल्यावर व्याही-व्याही गळाभेट कशी घेसान? पंगतीले बसान कसे? अन् पोरीच्या घरी बाप जाईन कसा?"

म्हातारा पुढं म्हणाला, "अन् लहानीच्या लग्नाचं बी पाहा. लोक म्हणतीन, त्या घरी बहीण भावाले देतेत." लहानी म्हणजे मी. म्हातारा माझ्याकडे बघतही नव्हता.

पुढं मी मुलांना शिकवत असे की समाजाचे नियम सगळे एका वजनाचे नसतात. काही मोडले तर लोक हसतात. बाजारात डोक्यावरचा पदर पडला तर हसतात, पंगतीत आधी उठलात तर हसतात. पण काही नियम मोडले तर कोणी हसत नाही, लोकांना मळमळतं. मारायला काठी लागत नाही, पंच लागत नाही, पोलीस तर नाहीच. मी हे सांगताना वर्गात कोणीतरी हमखास विचारायचं, "पण बाई, तो नियम खोटा असेल तर?" मी म्हणायचे, खोटा नियम आणि खरा नियम असं नसतं, पाळलेला आणि न पाळलेला एवढंच असतं. उत्तर बरोबर होतं. पोर उत्तर लिहून घ्यायचं आणि मला त्याच्या हातातली लेखणी हिसकून घ्यावीशी वाटायची.

त्या संध्याकाळी बाबा बाईजवळ येऊन बसले. बापानं लेकीशी असलं बोलायची पद्धत नव्हती, पण ते बोलले. म्हणाले, "तू हो म्हण. मी मोडतो. लोकाइचं मी पाहून घेतो." ते खोटं बोलत नव्हते. मोठेबाबा ओसरीत पाठ करून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. बाईनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा त्या पाठीकडे पाहिलं.

ती म्हणाली, "नाई बाबा. तुमच्या दोघाइचं मोडून माझं कुठी बसंन?"

मला ती त्या वेळी मूर्ख वाटली. मी तिच्याशी नीट बोललेही नाही काही दिवस. तिनं भांडावं, रडावं, नदीत उडी टाकते म्हणावं, असं मला वाटत होतं. तिनं यातलं काही केलं नाही. लोक म्हणतात समाज माणसावर दबाव आणतो. तिच्यावर कोणी दबाव आणला नव्हता. बापानं दार उघडून दिलं होतं. पण समाज बाहेर बसलेला नव्हताच. तो तिच्या आत होता आणि त्याला तिच्या बापाचा चेहरा होता. प्रेमाचा चेहरा असला की त्याच्याशी लढता येत नाही.

स्थळ मायनं ठरवलं, आणि लांबचं ठरवलं. सिरोंच्याच्या वाटेवरचं गाव. घरात मराठी, अंगणात तेलुगू. माणसं चांगली होती. नवरा मुलगा शांत, जरा लाजाळू, बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघायचा. त्याच्याविरुद्ध मला काही सापडलं नाही, आणि मी शोधलं होतं.

लग्नाला मोठेबाबांचं घर आलं. तो येणार नाही, असं मला वाटत होतं. ताप आला, बैल आजारी पडला, काहीही सांगून राहील. पण आमच्याकडे नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, हे सांगायची ती रीत. कान पिळल्याशिवाय पुढचं काही होत नाही. मांडवात कोणीतरी ओरडलं, "नवरीचा भाऊ कुठी आहे?" आणि तो पुढं आला. नवं धोतर, नवा सदरा. त्यानं नवरदेवाचा कान धरला आणि रीतीप्रमाणे पिळला. बायका हसल्या. कोणीतरी म्हटलं, "जोरानं पिळ ना, तुझीच बहीण देऊन राह्यलो." तोही हसला. नवरदेवानं त्याला फेटा दिला, तो त्यानं डोक्याला बांधून घेतला.

त्या दिवशी मी त्याचा फार तिरस्कार केला. कसा हसू शकतो हा माणूस, असं वाटलं. आता वाटतं, तो दुसरं काय करणार होता? पुस्तकात लिहिलेलं असतं की माणूस भूमिका वठवतो. भूमिका वठवत असताना माणूस स्वतः कुठं जाऊन बसतो, ते कोणी लिहिलेलं मी तरी वाचलं नाही.

पाठराखीण म्हणून मी बाईबरोबर गेले. परत येताना तिनं मला घट्ट धरलं आणि म्हणाली, "मायले म्हण, मी बरी आहो." ती बरी नव्हती आणि वाईटही नव्हती. ती सासरी गेलेल्या मुलीसारखी दिसत होती.

दिवाळीला तिला आणायला मुऱ्हाळी म्हणून कोणी जायचं, हा प्रश्नच नव्हता. लेकीला माहेरी आणायला भाऊ जातो. तोच गेला. मोटारीनं, बैलगाडीनं, पायी, रस्त्यातल्या धर्मशाळेत मुक्काम करत त्यानं तिला आणलं. ज्या दोघांना नवरा-नवरी म्हणून एका मांडवात उभं राहायची बंदी होती, त्यांना त्याच समाजानं जंगलातल्या एवढ्या लांब वाटेवर एकटं पाठवलं, आणि कोणाच्या मनात काही आलं नाही. सासूनं तर "भावासंगं जा, मंग मले फिकर नाई" म्हणून निरोप दिला होता. मी घरी बाईला विचारलं, वाटेत काय बोललात? ती म्हणाली, "बैलाइचं बोललो. धानाचं बोललो." आणि मग सुपातले तांदूळ निवडत तिनं अंगणाकडे वळून हाक मारली, "भाऊ, हातपाय धुवा, जेवाले बसा." इतकी सहज मारली की मी सुपातले खडे बघत बसले. तिच्यातलं काहीतरी त्या वाटेवर संपलं होतं, आणि ते दोघांनी मिळून संपवलं असणार. मला रडू आलं, पण रडायला कारण सांगावं लागलं असतं.

पुढच्या पावसाळ्यात ती बाळंतपणाला आली. पहिलं बाळंतपण माहेरी. तोच तिला घेऊन आला. रोवण्याचे दिवस होते, म्हणून मग तो चिखलणीला इथंच राहिला. पाऊस लागून राहिला होता. खालच्या सगळ्या नद्या चढल्या होत्या आणि सिरोंच्याकडची वाट बंद होती.

दिवस भरायच्या आधीच तिला कळा सुरू झाल्या. मी आणि माय आत होतो, सुईण होती. तो अंगणात, छपराखाली. मी कशासाठी बाहेर आले की तो फक्त बघायचा, विचारायचा नाही. नंतर रक्त थांबेना. सुईणीनं जे माहीत होतं ते सगळं केलं. बाळ जन्मलं, पण रडलं नाही. बाईनं माझ्याकडे पाणी मागितलं. पाणी प्यायली. मग म्हणाली, "हात पुसून दे माझे." मी पुसून दिले. आणखी काही ती बोलली नाही. सकाळी उजाडता उजाडता गेली.

नवऱ्याकडे माणूस धाडला, पण पूर असल्यानं तो कधी पोचेल याचा भरवसा नव्हता. ठेवता येणार नव्हतं. अंगणात माणसं जमली आणि अग्नी कोणी द्यायचा, हे निघालं. बापानं लेकीला अग्नी द्यायचा नाही, अशी आमच्याकडे समजूत. तेव्हा तोच वडील म्हातारा, काठी टेकत आलेला, म्हणाला, "विचार कायचा करता? भाऊ आहे ना तिचा इथी."

सगळ्यांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

त्यानं मडकं धरलं. मी बाई माणूस, स्मशानात गेले नाही. बाबा म्हणायचे, ओलं लाकूड पेटेना आणि तो वाकून वाकून फुंकत राहिला, डोळे धुरानं लाल झाले, कोणाला हात लावू दिला नाही. परत आला तेव्हा त्याचं डोकं आणि मिशा उतरवलेल्या होत्या. बायका मायला सोडून त्याच्याभोवती रडल्या. "सोन्यासारखी बहीण गेली रे बाबा तुझी," असं म्हणून रडल्या. त्याच्या दुःखाला एक नाव मिळालं होतं आणि गावात बसून सगळ्यांसमोर रडायला जागा मिळाली होती. नाव चुकीचं होतं. मी किती वर्षं विचार केला, ते नाव नसतं तर तो कुठं रडला असता? तेवढ्यासाठी त्या नात्याचे आभार मानावेत का? मला अजून मानता आलेले नाहीत.

पूर उतरल्यावर नवरा आला. कंबरेपर्यंत चिखल, पायांत काटे. त्याला वाटेतच कळलं होतं. अंगणात आला आणि कोणाकडे जावं ते त्याला कळेना. मग त्याला मोठेबाबांच्या मुलाचं भादरलेलं डोकं दिसलं. तो सरळ त्याच्याकडे गेला, त्याच्या गळ्यात पडला आणि लहान पोरासारखा रडला. म्हणाला, "तुमी होते, भाऊ. तुमी होते म्हणून तिले आपलं माणूस भेटलं." भाऊ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

थोड्या वेळानं नवऱ्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, "शेवटाले काई म्हणली काय?"

अंगणात मी होते, माय होती. दोघींना माहीत होतं ती काय म्हणाली. भाऊलाही माहीत होतं, मीच त्याला सांगितलं होतं.

तो म्हणाला, "तुमचीच आठवण काढून राह्यली होती. आले काय, आले काय, एवढंच विचारे."

मायनं पदर तोंडाला लावला. मी आत गेले आणि जावयासाठी पाणी तापत ठेवलं.